खाजेची कॅप्सूल : ल्युकेमियाच्या उपचारात झालेल्या भ्रमाचं एक प्रकरण

उपचारांच्या एकोणिसाव्या रात्री दाजींनी वॉर्डच्या छताकडे बोट दाखवलं आणि ताईला म्हणाले, "पानाच्या खालच्या अंगाला बघ, पांढरं आलंय. दावण्या आहे हा. उजाडायच्या आत फवारणी झाली पाहिजे." ताईने सांगितलं, अहो, हे दवाखान्याचं छत आहे. ते तिच्याकडे रागाने बघत राहिले. मग चादरीवर त्यांची बोटं चालू लागली. डाव्या हाताने काहीतरी अलगद धरायचं, उजव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी मिटायची, पुन्हा धरायचं, पुन्हा मिटायची. ताईचा जन्म द्राक्षबागेत गेला आहे, तिला लगेच कळलं. ते घडांची विरळणी करत होते, आणि छतावर दिसत होता तो दावण्या, म्हणजे द्राक्षाच्या पानावर पडणारा रोग.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय ४३, तासगाव तालुक्यात तीन एकर बाग. मी त्याच भागात औषधाचं दुकान चालवतो, डी.फार्म. होऊन २२ वर्षं झाली. हे प्रकरण दाजी आणि ताई दोघांच्या संमतीने लिहितोय. नावं आणि दवाखाना गाळला आहे. एक गोष्ट मात्र गाळणार नाही, कारण तिच्याशिवाय हे प्रकरण उभंच राहत नाही. दाजींच्या भ्रमामागे जी कारणं निघाली, त्यातलं सगळ्यात मोठं माझ्या दुकानातून गेलं होतं.

आजार लक्षात आला तो नेहमीच्याच वाटेने. पंधरा दिवस न हटणारा ताप, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, नडगीवर जांभळे ठिपके. पांढऱ्या पेशी ६८,००० निघाल्या, प्लेटलेट १९,०००. पुण्यात बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, तपासला आणि बी-सेल अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया असं नाव मिळालं, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. उपचाराचा पहिला टप्पा, ज्याला इंडक्शन म्हणतात, चार आठवड्यांचा होता. आठवड्यातून एकदा व्हिन्क्रिस्टीन २ मिलिग्रॅम आणि डॉनोरुबिसिन शिरेतून, मध्ये अॅस्परॅजिनेज, पाठीच्या मणक्यातून मेथोट्रेक्सेट आणि रोज १६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. ही यादी देतोय ती उगाच नाही. यातल्या जवळजवळ प्रत्येक औषधाचा मेंदूशी काही ना काही संबंध येतो.

पहिल्या आठवड्यात पेशी उतरल्या, ताप गेला. पाचव्या दिवसापासून दाजींची झोप मात्र उडाली. रात्री दोन वाजता मला फोन. शेजारची दोन एकर विकत घ्यायची, बेदाण्याचं शेड टाकायचं, कोल्ड स्टोरेजवाल्याशी बोलायचं. आवाज चढा, वाक्याला वाक्य जोडलेलं. आम्ही सगळे खूश होतो. महिनाभर अंथरुणावर पडलेल्या माणसाला हुरूप आला म्हणून ताईने देवापुढे साखर ठेवली.

तो हुरूप डेक्सामेथासोनचा होता. १६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे साधारण १०० मिलिग्रॅमहून अधिक प्रेडनिसोन, हे दुसरं स्टेरॉइड. बोस्टनमधल्या एका मोठ्या पाहणीत १९७२ साली असं दिसलं होतं की दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांत मानसिक लक्षणं १.३ टक्के रुग्णांना झाली, ४१ ते ८० मध्ये ४.६ टक्क्यांना आणि ८० च्या वर गेल्यावर १८.४ टक्क्यांना. म्हणजे पाचातल्या जवळपास एकाला. झोप जाणं, बडबड वाढणं, मोठमोठे बेत करणं ही बहुतेक वेळा त्याची पहिली पायरी असते. हे मी दुकानात बसून कितीतरी जणांना सांगितलं असेल. घरच्या माणसात ते मला दिसलं नाही, कारण दिसत होतं ते हवंहवंसं होतं.

आठव्या दिवशी दुसरं व्हिन्क्रिस्टीन झालं. गणपती होते. ताप नाही, गर्दीत जायचं नाही या अटीवर डॉक्टरांनी चार दिवस घरी जायची परवानगी दिली.

घरी आल्यावर दाजींनी ताईला कंबरेचं गजकर्ण दाखवलं. ते उन्हाळ्यापासून होतंच, पण स्टेरॉइडवर चांगलंच पसरलं होतं. मे महिन्यात एका त्वचारोगतज्ज्ञांनी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल लिहून दिल्या होत्या, २०० मिलिग्रॅम, रोज एक. चिठ्ठी कपाटात होती. ताईने ती पोरासोबत दुकानात पाठवली आणि मी दोन पट्ट्या काढून दिल्या. जुनी चिठ्ठी, घरचं माणूस, सणाची गर्दी. डॉक्टरांची चूक यात शून्य. त्यांनी लिहिलं तेव्हा दाजींना ल्युकेमिया आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

व्हिन्क्रिस्टीन शरीरातून बाहेर पडतं ते मुख्यतः यकृताच्या वाटेने, आणि ते मोडण्याचं काम सीवायपी ३ए४ हे एन्झाइम करतं. इट्राकोनाझोल नेमकं हेच एन्झाइम अडवतं, आणि जोरात अडवतं. मग आठवड्याचा एक डोस शरीरात जास्त वेळ, जास्त प्रमाणात राहतो आणि नसांवर त्याचे परिणाम वाढत जातात. व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल या त्याच कुळातल्या, बुरशीवरच्या औषधांचंही असंच आहे. शिवाय डेक्सामेथासोनही त्याच एन्झाइमने मोडतं. म्हणजे एका खाजेच्या कॅप्सूलने दोन औषधांची धार एकाच वेळी वाढवली होती.

तेराव्या दिवशी ते पुण्याला परतले, पंधराव्या दिवशी तिसरं व्हिन्क्रिस्टीन लागलं. त्या दिवशी रक्तातलं सोडियम १३४ होतं, म्हणजे काठावर. "नवीन काही औषध सुरू केलंय का?" असं विचारलं होतं, असं ताई सांगते. तिने नाही म्हटलं आणि ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी औषध म्हणजे कॅन्सरचं औषध. गजकर्णाची कॅप्सूल ही खाजेची कॅप्सूल.

सतराव्या दिवशी दाजींचा जबडा ठणकायला लागला. दाढ असेल म्हणून लवंग धरली. चार दिवस पोट साफ नव्हतं, फुगलं होतं. जबड्याचं दुखणं आणि बद्धकोष्ठता ही दोन्ही व्हिन्क्रिस्टीनची ओळखीची लक्षणं. पोटासाठी अठराव्या दिवशी दाखल केलं. एकोणिसाव्या दिवशी प्लेटलेट २२,००० आल्या म्हणून संध्याकाळी पिशवी लावली आणि रिअॅक्शन येऊ नये म्हणून त्याआधी अॅविलचं इंजेक्शन दिलं. रात्री नऊला छतावर दावण्या दिसला.

त्या रात्री ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं, "स्टेरॉइडमुळे होतं असं. घाबरू नका." झोपेचं इंजेक्शन दिलं. दाजी दंडातली लाइन ओढत होते म्हणून दोन्ही हात पट्टीने पलंगाला बांधले. ताई रात्रभर त्या बांधलेल्या हातांशेजारी बसून होती.

इथे मला थांबून बोलायचं आहे. स्टेरॉइडमुळे होतं हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच ते त्या रात्री घातक ठरलं असतं. चुकीचं कारण दिलं असतं तर सकाळपर्यंत कुणीतरी शंका काढली असती. बरोबर पण अपुरं कारण हाती आलं की शोध तिथेच थांबतो. प्लेटलेट २२,००० असताना असा बदल झाला तर मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे त्याच रात्री बघायला हवं होतं. अॅस्परॅजिनेज चालू असताना मेंदूच्या शिरांत गुठळी होऊ शकते. पांढऱ्या पेशी पडलेल्या असताना रक्तातला जंतुसंसर्ग तापाआधी बरळण्यातून दिसू शकतो. आणि आजार स्वतः मेंदूच्या आवरणात पोहोचलेला असू शकतो. यातलं काहीही स्टेरॉइडसोबत एकाच वेळी असू शकतं.

मी पहाटे पुण्यात पोहोचलो. दाजींनी मला ओळखलं, नावाने हाक मारली, आणि पुढच्याच क्षणी विचारलं की टँकर रिकामा झाला का. पायांवर मुंग्या चढताहेत म्हणून पाय झाडत होते. सकाळच्या राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी खुर्ची ओढली, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "रविवारपासून उलटे वार सांगा बरं." दाजी म्हणाले, "रविवार, शनिवार, शनिवार... बाजार शनिवारी नाही, सोमवारी." आणि मग खिडकीकडे बघत राहिले. मॅडमनी त्यांना कागदावर सही करायला सांगितली. सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर वर्षानुवर्षं करत आलेली ती वळणदार सही कागदाच्या कोपऱ्यातून खाली घसरत गेली.

या परीक्षेला वेळ लागतो दोन मिनिटं. मॅडमनी नंतर मला समजावलं की याला डिलिरियम म्हणतात आणि वेड लागणं वेगळं. डिलिरियम काही तासांत किंवा एकदोन दिवसांत येतो, दिवसभरात कमीजास्त होतो आणि त्यात सगळ्यात आधी जातं ते लक्ष. नाव, गाव, बायको सगळं आठवतं, पण सात वार उलटे सांगताना धागा तुटतो. त्यामागे शरीरातलं काहीतरी बिघडलेलं असतं आणि ते शोधावं लागतं.

शोध सुरू झाला. मेंदूचा सीटी स्कॅन : रक्तस्राव नाही. एमआरआय आणि शिरांचा व्हेनोग्राम : गुठळी नाही. रक्तातली साखर ३१०, स्टेरॉइडची करणी. ब्लड कल्चर लावलं, त्यात पुढे काही उगवलं नाही. प्लेटलेट वाढवून पाठीतलं पाणी काढलं, त्यात ल्युकेमियाच्या पेशी नव्हत्या. सोडियम ११४.

नॉर्मल १३५ ते १४५. पाच दिवसांत २० ने उतरलं होतं. १२० च्या खाली इतक्या वेगाने उतरलं की झटके येऊ शकतात. व्हिन्क्रिस्टीन मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला अशी बिघडवू शकतं की ती पाणी धरून ठेवणारं हार्मोन नको तेव्हा सोडत राहते. मूत्रपिंड पाणी बाहेर टाकत नाहीत, रक्त पातळ होतं, सोडियम उतरतं आणि मेंदूच्या पेशी फुगतात. लघवीच्या तपासणीने हेच सांगितलं. त्यात भर आमच्या मायेची. "केमो चालू आहे, पाणी भरपूर प्या" हे पहिल्या दिवशी सांगितलेलं ताईने इतकं मनावर घेतलं होतं की ती रोज तीन लिटर मोजून पाजत होती. मोजून, वहीत लिहून.

या वहीबद्दल सांगायला हवं. शंभर पानी, पिवळ्या पुठ्ठ्याची, पुतणीच्या दप्तरातली उरलेली. ताई सातवी शिकलेली. तिने पहिल्या दिवसापासून सगळं लिहिलं होतं. किती वाजता कोणती गोळी, किती पाणी, संडास झाली की नाही, झोप किती. इंग्रजी नावं येत नसल्यामुळे तिने रंगावरून आणि कामावरून नावं पाडली होती. "पांढरी बारकी, स्टेरॉइड." "मळमळीची." मॅडमच्या हाताखालच्या डॉक्टर ती वही चाळत होत्या. नवव्या दिवसापासून रोज रात्रीच्या जेवणानंतर एक ओळ होती : "खाजेची कॅप्सूल १."

"ही कोणती?" त्यांनी विचारलं.

ताईने पिशवीतून पट्टी काढली. मागच्या बाजूला माझ्या दुकानाचा शिक्का होता.

मी ती पट्टी हातात घेतली तेव्हा नाव वाचायचीही गरज पडली नाही. डॉक्टरांनी काही विचारायच्या आत मीच म्हणालो, "इट्राकोनाझोल आहे. मी दिलंय." त्या मला रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, शेवटची कधी घेतली. वहीत वेळ होती : आदल्या रात्री ८:१०.

त्या एका ओळीने जबडा, पोट, सोडियम आणि डोक्यातला बाग एका दोऱ्यात आले. अॅविलचाही हात असणार, असं मॅडम म्हणाल्या. आधीच डळमळलेल्या मेंदूला ते औषध गोंधळात टाकू शकतं, आणि वहीत त्याची वेळ होती ६:४०. म्हणजे चार थर झाले. स्टेरॉइडने झोप काढून घेतली, व्हिन्क्रिस्टीनने सोडियम उतरवलं, इट्राकोनाझोलने दोघांना बळ दिलं आणि अॅविलने शेवटचा धक्का दिला.

उपचार ऐकायला सोपे आणि करायला नाजूक. कॅप्सूल बंद. पाणी दिवसाला ८०० मिलिलिटर. ३ टक्के सलाइन थेंबाथेंबाने, दर चार तासांनी सोडियमची तपासणी, २४ तासांत ८ पेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही. घाईने चढवलं तर मेंदूच्या बुंध्यातल्या नसांचं आवरण जातं आणि ते नुकसान कायमचं ठरू शकतं. डेक्सामेथासोन एकदम तोडलं नाही, कारण तेच ल्युकेमियाचंही औषध आहे. डोस थोडा कमी करून सगळा सकाळी द्यायला लागले आणि रात्री ओलान्झापिन हे भ्रमावरचं औषध अगदी कमी मात्रेत. बाविसाव्या दिवसाचं व्हिन्क्रिस्टीन पुढे ढकललं, कारण इट्राकोनाझोल बंद केल्यावरही त्याचा असर काही दिवस रेंगाळतो. हात सोडले. लाइनवर लांब बाहीचा शर्ट घातला आणि कुणीतरी एकजण सतत जवळ बसायचं ठरलं.

बसायला आल्या दाजींच्या आई. वय ७५ च्या पुढे. त्यांचं मत ठाम होतं की बाहेरचं झालंय, बागेच्या बांधावर काहीतरी ओलांडलंय. त्यांनी गावच्या देवाचा अंगारा आणला होता. नर्स सिस्टर म्हणाल्या, कपाळाला लावा, तोंडात घालू नका. म्हातारीने तेवढं ऐकलं. आणि त्याच म्हातारीने राउंडमध्ये मॅडमना सांगितलं, "दुपारी माझा असतो गं. दिवेलागणीला जातो." मॅडम थांबल्या आणि ते वाक्य जसंच्या तसं फाइलमध्ये लिहून घेतलं. डिलिरियमची याहून नेमकी नोंद मी तरी कुठे वाचलेली नाही.

त्याच सिस्टरांकडून ताई एक गोष्ट शिकली. आधी ती दाजींशी वाद घालायची, की नाहीये हो तिथे काही. मग ते चिडायचे. नंतर तिने हो ला हो करून बघितलं, "केली हो फवारणी," तर ते उठून बघायला निघाले. सिस्टर त्यांच्या नजरेसमोर येऊन हळू आवाजात म्हणायच्या, "तुम्हाला दिसतंय, मला दिसत नाहीये. तुम्ही पुण्यात दवाखान्यात आहात. वहिनी इथेच आहेत." दिवसातून वीस वेळा, तेच शब्द. समोर मोठ्या आकड्यांची दिनदर्शिका टांगली, पिशवीत राहिलेला चष्मा डोळ्यांवर चढवला, रात्री बारका दिवा चालू ठेवला. मुंग्या कमी झाल्या. त्यातल्या काही मुंग्या म्हणजे चष्म्याविना दिसणारी चादरीची ठिपक्यांची नक्षी होती.

सोडियम दुसऱ्या दिवशी १२१, तिसऱ्या दिवशी १२७, चौथ्या दिवशी १३३. चौथ्या सकाळी दाजींनी चहा मागितला आणि ताईला म्हणाले, "तू कधीपासून झोपली नाहीस?"

पुढे मी बरंच वाचलं आणि मॅडमना विचारत राहिलो. ल्युकेमियाच्या उपचारात भ्रमाची वाट एकच नाही. मायलॉइड प्रकारात सायटाराबिन मोठ्या डोसने देतात. त्यात लहान मेंदूला इजा होऊ शकते, साठीपुढच्या आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णांना जास्त. म्हणून प्रत्येक डोसआधी नाकाला बोट लावायला आणि सही करायला सांगतात. जीभ जड झाली, तोल गेला तर पुढचा डोस थांबवतात. मणक्यातल्या मेथोट्रेक्सेटनंतर काही दिवसांनी अर्धांगासारखं किंवा गोंधळाचं चित्र दिसू शकतं. व्होरिकोनाझोलची रक्तातली पातळी वाढली की डोळे मिटल्यावरही चित्रं दिसल्याचं रुग्ण सांगतात. ब्लिनाटुमोमॅब हे औषध आणि कार-टी (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून परत देणं) या उपचारांत गोंधळ हा इतका अपेक्षित परिणाम आहे की तिथे रोज एक वाक्य लिहून घेऊन अक्षर ताडून बघतात. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा मेमोरियलने घडवलेली नेक्सकार१९ ही कार-टी थेरपी २०२३ मध्ये आपल्याकडे मंजूर झाली. म्हणजे ही अक्षराची परीक्षा आता मराठी घरांतही येणार.

दाजींना त्या दिवसांतलं काय आठवतं, हे आम्ही महिनाभर विचारलं नाही. आम्हाला वाटत होतं की विसरले असतील. न्यूयॉर्कच्या एका कर्करोग रुग्णालयातल्या २००२ च्या अभ्यासात डिलिरियममधून बाहेर आलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना तो काळ आठवत होता, आणि जोडीदारांना रुग्णांपेक्षाही जास्त त्रास झाला होता. दाजींनाही आठवत होतं. दावण्या पुसट आठवत होता. हात बांधलेले स्पष्ट आठवत होते. "सोसायटीवाल्यांनी बांधून घातलंय, बाग जप्त केली असं वाटत होतं मला," ते म्हणाले. ताई उठून आत गेली.

इंडक्शन दहा दिवस लांबलं. शेवटी मॅरोमध्ये रेमिशन आलं, म्हणजे तपासणीत ल्युकेमिया दिसेनासा झाला. मी त्यांच्यासमोर सगळं बोललो, जुनी चिठ्ठी, दोन पट्ट्या, शिक्का. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "डॉक्टरांना सांगितलं असतं मी, की घेतोय म्हणून. पण खाजेचं कुणाला सांगायचं, लाज वाटते." हे मी लिहून ठेवलं आहे. गजकर्ण, मूळव्याध, ताकदीची पावडर, झोपेची गोळी, वैद्याचा काढा, या गोष्टी रुग्ण आपणहून सांगत नाहीत. त्यांना एकेक नाव घेऊन विचारावं लागतं. माझ्या काउंटरवर आता तसं विचारतो, आणि केमो चालू असलेल्या माणसाला जुन्या चिठ्ठीवर काहीही देत नाही, सख्खा असला तरी.

काही महिन्यांनी उपचाराचा असा टप्पा आला की त्यात डेक्सामेथासोन आणि व्हिन्क्रिस्टीन दोन्ही परत होती. वहीचं पहिलं पान ताईने मॅडमसमोर धरलं. त्यावर लाल पेनने मोठ्या अक्षरात होतं : खाजेची कॅप्सूल नाही. आठवड्यातून दोनदा सोडियम, स्टेरॉइड सकाळी नाश्त्यानंतर, पाणी डॉक्टर सांगतील तेवढंच, अॅविल टाळता येईल तिथे टाळायचं. रोज दिवेलागणीला ताई त्यांना वार उलटे विचारायची. दोन रात्री झोप गेली, साखर वाढली, एकदा चिडचिड झाली. वार एकदाही चुकले नाहीत.

गजकर्णाला आता वरून लावायचं मलम चालू आहे.